‘बंद लिफ्ट’चे गणपुले

आमच्या मजल्यावरचे गणपुले आवडत्या बँडचं पोस्टर दिसलं की फाडतात. नावडत्या बँडचं नव्हे हं, आवडत्या. एकदा बी विंगमधल्या कुणीतरी हौसेने जिन्याजवळच्या फलकावर एक लावलं होतं. सकाळी दूध घ्यायला दार उघडते तर हे गृहस्थ टाचण्या काढून खिशात टाकतायत आणि पोस्टरचे चार सारखे तुकडे करतायत.

“अहो गणपुले, हा तुमचाच बँड ना?”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “गर्दी झाली की गाणं मरतं, वहिनी. समजणारे मोजकेच बरे.”

त्या मोजक्यांत मी नव्हते हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे नुसतं पाहिलं. पुण्यात तेवढं पुरतं.

गणपुले पन्नाशी उलटलेले, एकटे, हडपसरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात. वारज्याहून रोज कंपनीच्या बसने जातात, बसने येतात, दार लावून घेतात. एक बहीण विश्रांतवाडीला असते, ती भाऊबीजेला येते आणि चहा निवायच्या आत निघते. बाकी त्यांच्याकडे कोणी येत नाही. मी शिकवण्या घेते, दिवसभर मुलांची ये-जा असते, तर त्या चपलांकडे हे असं बघतात की जणू त्यांच्याच गादीवर काढल्यात.

फक्त शनिवारी संध्याकाळी हा माणूस बदलतो. काळा टी-शर्ट. त्याला कडक इस्त्री. तो पँटमध्ये खोचलेला, वर पट्टा, पायात सँडल, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत घरचं पाणी. छातीवर पांढऱ्या अक्षरांत ‘बंद लिफ्ट’. हे बँडचं नाव. ज्यांना ते सुचलं ते आमच्या सोसायटीत राहून गेले असावेत.

चार पोरं आहेत. दोघं गिटार बडवतात, एक ड्रम बडवतो, आणि चौथा डोळे मिटून “मला काही सुचत नाही, सुचत नाही” असं ओरडतो. कबूल तरी करतो बिचारा. याला म्हणे इंडी रॉक म्हणतात. इंडी म्हणजे काय, तर कुठल्या कंपनीने घेतलं नाही, सिनेमावाल्यांनी विचारलं नाही, की झालं इंडी. “इंडिपेंडंट, आत्या!” असं माझी भाची सायली कपाळावर हात मारून सांगते. तिलाही हा बँड आवडतो. तिने एकदा गणपुल्यांना विचारलं, “काका, आजचा शो कुठेय?” गणपुल्यांनी तिला विश्रांतवाडीचा सविस्तर पत्ता दिला, कुठे वळायचं तेही सांगितलं. शो होता कोथरूडला. पोरगी सगळं शहर ओलांडून गेली आणि रडकुंडीला येऊन परत आली. मी तणतणत त्यांच्या दारात गेले.

“खरी आवड असती तर सापडलं असतं,” ते शांतपणे म्हणाले आणि दार लावलं.

अशा माणसाने एके संध्याकाळी माझी बेल वाजवली. मी उघडलं तर हातात स्टीलची वाटी, वाटीत कुंकू लावलेल्या अक्षता. कपाळावर घाम.

“वहिनी, शनिवारी सात वाजता, सहकुटुंब. यायचंच.”

मला वाटलं, अगंबाई, लग्न करतायत की काय! चौकशी केली तर लग्न नाही, ‘बंद लिफ्ट’चा कार्यक्रम. मुंजीला बोलवावं तसं हा माणूस रॉकला बोलवत होता. मी काही सोडते होय? म्हटलं, “का हो? समजणारे संपले वाटतं?”

त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. ड्रम वाजवणारा तन्मय, त्याच्या वडिलांचं हडपसरला नळ-फरशीचं दुकान. वडील वैतागले होते. पोरगा कॉलेज संपवून बसलाय, वाजवतो कुणापुढे, तर वीस-पंचवीस टाळक्यांपुढे. त्यांनी बजावलं होतं, या शनिवारी मी स्वतः येतो. हॉल भरलेला दाखव, नाहीतर सोमवारपासून दुकानात बस. आणि तन्मय गेला की बँड संपला, असं बाकीच्या तिघांनी ठरवलेलं.

“मग पोस्टरं कशाला फाडलीत?” मी विचारलं.

“टोमणे नंतर मारा, वहिनी. आत्ता फक्त या,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर अक्षता ठेवल्या.

पुढचे चार दिवस या माणसाने जे केलं त्याला तोड नाही. ज्या शेजाऱ्यांना कधी मान हलवून ओळख दिली नव्हती, त्यांच्या बेला वाजवल्या. खरेदी विभाग झाला, हास्यक्लब झाला. भजनी मंडळाच्या गोखलेकाकूंना सांगितलं की गाणी तशी भक्तिप्रधानच आहेत. तळमजल्यावरच्या साठ्यांना सांगितलं की तिथे पार्किंग मुबलक आहे. पुण्यात इतकं धडधडीत खोटं बोलायला छाती लागते. सायलीची त्यांनी माफी मागितली, आणि “तुझ्या सगळ्या मैत्रिणींना आण” असंही वर सांगितलं. तिने आणल्या. मी तिच्या जागी असते तर त्यांना विश्रांतवाडीला पाठवलं असतं.

शनिवारी आमच्या ह्यांनी गुडघ्याचं निमित्त काढलं, म्हणून मी एकटीच स्कूटरवर गेले. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत एका कॅफेमागे तो हॉल. हॉल कसला, मोठं गोदाम. खुर्च्याच नाहीत! उभं राहून ऐकायचं म्हणे. गोखलेकाकूंनी व्यवस्थापकाला असं फैलावर घेतलं की तो कॅफेतली स्टुलं घेऊन धावत आला. पुढे भजनी मंडळ स्टुलांवर, मागे फाटक्या जीन्समधली पोरंपोरी, मध्ये खरेदी विभाग ऑफिसच्या पिशव्यांसकट. साठे पार्किंग शोधतच होते. आणि दारात गणपुले, प्रत्येकाला “पुढे सरका, पुढे जागा आहे” असं सांगणारे. आमच्या ओळखीचा माणूस वाटेना.

मग ते सुरू झालं. देवा रे! पहिल्या ठोक्याला माझ्या दाढा हलल्या. हास्यक्लबच्या दोघांनी कानात बोटं घातली. गोखलेकाकूंनी मात्र जराशाने मान डोलवायला सुरुवात केली. “सुचत नाही, सुचत नाही म्हणतोय,” त्या माझ्या कानात ओरडल्या, “निर्गुणीच आहे म्हणा की!” भजनी मंडळाने टाळ्यांचा ठेका धरला, तो मागच्या पोरांनी उचलला, आणि स्टेजवरची ती चार पोरं एकमेकांकडे बघून हसायलाच लागली. गायकाने डोळे उघडले, बहुधा पहिल्यांदाच.

तिसऱ्या गाण्यानंतर माझं डोकं ठणकायला लागलं. वाट काढत मी बाहेर आले. पाहते तर गल्लीतल्या कट्ट्यावर, हॉलच्या बंद खिडकीखाली, गणपुले भिंतीला पाठ लावून बसलेले.

“तुम्ही इथे काय करताय?”

“हॉल भरला,” ते म्हणाले. “तन्मयचे वडील उशिरा पोचले, वाहतुकीत अडकले होते. दारावरचा माणूस एकालाही आत सोडेना. म्हणाला, एक बाहेर आला तरच एक आत.”

“मग?”

“मग मी बाहेर आलो. त्यांनी बघायला नको का भरलेला?”

मी म्हटलं, “अहो, एवढी वणवण तुम्ही केलीत. हास्यक्लबातल्या कुणालाही उठवायचं होतंत, त्यांनी आनंदाने जागा दिली असती.”

ते हसले. आतून “सुचत नाही” ऐकू येत होतं, भिंतीमुळे जरा बरंच वाटत होतं.

“वहिनी, कार्यक्रम झाला की ही पोरं वायरी गुंडाळताना मला विचारायची, काका, कसं झालं? मी सांगायचो. कुठे सूर पडला, कुठे घाई झाली. ती ऐकून घ्यायची. वीस-पंचवीसच माणसं असली की वेळ असतो हो सगळ्यांना.” त्यांनी पिशवीतलं पाणी काढून एक घोट घेतला. “आठवडाभर मला दुसरं कोणी काही विचारत नाही. म्हणून फाडायचो.”

कार्यक्रम संपला तसा सगळा लोंढा बाहेर आला. मागोमाग ती चार पोरं, घामाने निथळणारी, भोवती फोन उंचावलेल्या मुली. त्यांत आमची सायलीही. तन्मयच्या खांद्यावर वडिलांचा हात होता आणि वडील भेटेल त्याला सांगत होते, “मुलगा माझा.” गणपुले कट्ट्यावरून उठले, टी-शर्ट खाली ओढला, दोन पावलं पुढे झाले.

“काका! आलात ना? थँक्यू हां!” गायक ओरडला. गणपुल्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्याला कुणीतरी फोटोसाठी ओढून नेलं.

मी स्कार्फ बांधला, स्कूटर सुरू केली. गणपुले माझ्या शेजारी तसेच उभे, त्या गर्दीकडे बघत. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, खोटं का बोला. आणि त्याच आनंदात ते पार एकटे दिसत होते.

“दुसऱ्या गाण्यात तन्मय जरा धावला,” ते म्हणाले. कुणालाच नाही, असंच.

मला त्या गाण्यांतलं ओ की ठो कळलेलं नव्हतं. दुसरं कुठे संपलं आणि तिसरं कुठे सुरू झालं, हेसुद्धा नाही. मी स्कूटर बंद केली, स्कार्फ सोडला आणि कट्ट्यावर बसले.

“धावला म्हणजे नेमकं काय हो?” मी विचारलं. “नीट सांगा. मला काही घाई नाही.”