हिरामण मरतो तेव्हा

'करवंदीचा सूड' हा सिनेमा किती भिकार आहे, हे मी चुटकीसरशी सिद्ध करू शकतो! निदान आरशासमोर तरी करू शकतो. चार माणसं जमली की माझा आवाज पोटात जाऊन बसतो.

आमच्या तरुणपणी इकडच्याच मंडळींनी तो अंबाडीच्या माळावर काढला. गोष्ट राजेरजवाड्यांची आणि मागून वाडा गावची एसटी जाते! नायकाची मिशी कधी डावीकडे घसरते, कधी उजवीकडे. खलनायक म्हणजे आमच्या पूर्णा गावचा हिरामण, माझा बालमित्र. शेवटी त्याला बाण लागतो आणि तो "पाणी... पाणी..." करत इतका वेळ मरतो, की तेवढ्यात कुकरमधली डाळ शिजावी!

तेव्हा सिनेमाला कुत्रं फिरकलं नाही. आणि आता? तरुण पोरं राहनाळच्या गोदामात पडदा लावून तो पुन्हा पुन्हा बघतात! हिरामणने "पाणी" म्हटलं की सगळं गोदाम उठून पडद्यावर बाटल्या रिकाम्या करतं. मग हिरामणला शाल, नारळ. नायिका धोंडूबाई आता पणजी व्हायला आल्या, पण त्यांच्याबरोबर फोटो काढायलाही रांग!

मी दोन कादंबऱ्या लिहिल्या. त्या पलंगाखाली आहेत. तेही चाललं असतं हो! पण माझी बायको राही, जिला माझ्या दुसऱ्या पानावर हमखास झोप लागते, ती दर खेळाला पहिल्या रांगेत! हातात बाटली!

"हिरामणभावजी काय मरतात, बाई!" घरी आल्यावरही तिचं हसू थांबत नाही.

माझ्या कुठल्याही वाक्यावर ती अशी कधी खुलली नाही. मी ठरवलं, खेळानंतर भाषण करायचं. खरी कला म्हणजे काय, ते राहीला एकदा कळू दे!

खेळ भरवणारी हेमाली खूश झाली. "काका, तुम्ही बोलणार? भारी!"

मी माइक धरला. दुसऱ्या हातात भाषणाचे कागद.

"या सिनेमात... राजाच्या मागून एसटी जाते."

"वाडा गाडीऽऽ!" गोदाम दणाणलं.

"मिशी जागेवर राहत नाही!"

शिट्ट्या!

"अरे, ही चूक आहे!"

"चूक हाय! चूक हाय!" पोरांनी ताल धरला.

माझ्या घशाला कोरड पडली. मी हेमालीकडे वळून कसाबसा म्हणालो, "जरा... पाणी..."

मागून यंत्रमागावरचा एक लूमवाला ओरडला, "अरे, चाचा को पानी पिलाओ!"

चहूबाजूंनी फवारे! चष्मा गेला, कागद गेले, पाय घसरला आणि मी आडवा!

"अरे, खरंच पाणी..." मी कळवळलो. लोकांनी आणखी ओतलं!

तेवढ्यात हिरामण पाण्याचा जार घेऊन धावत आला. वाटलं, मित्र वाचवणार. त्याने अख्खा जार माझ्यावर उपडा केला आणि कानाशी ओरडला, "चांगदेवा, पाय झाड! मान नको टाकू एवढ्यात! लोकांना मजा येतेय!"

टाळ्या मात्र अशा पडल्या, की गोदामाचे पत्रे उडतील असं वाटलं. आणि त्या पाण्यात पडल्यापडल्या, खरं सांगतो, मला बरं वाटलं!

घरी राही माझं डोकं पुसत होती. मी धीर करून विचारलं, "कसं झालं?"

"बरं झालं."

"नुसतं बरं? लोक केवढे हसले!"

"हसले की." तिने टॉवेल पिळला. "पण अहो, भावजींची सर न्हाय. ते मरतात तेव्हा कसं, पोट धरून हसावं लागतं. तुम्ही नुसते भिजलात."

आता मी रोज संध्याकाळी हिरामणच्या अंगणात जातो. तो खाटेवर बसून चहा पितो, मी मरतो. कालच म्हणाला, "पाय सुधारलाय रे, चांगदेवा. पण अजून मरताना विचार करतोस!"