तिसरी घंटा

बापूंची बेल एकदा वाजवून उपयोग नाही. दोनदा वाजवूनही नाही. नाटकाचा पडदा तिसऱ्या घंटेला उघडतो, तसं कासारवाडीतलं त्यांचं दारही तिसऱ्या बेललाच उघडतं. कुरिअरवाला दोनदा बेल मारून पार्सलसकट परत जातो. बापू शांत. "रसिक नव्हता," एवढंच म्हणतात.

बापू संगीत नाटकांतले गायक नट. पोटासाठी पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर, आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावी राजा. हाताचं ग्रीस पुरतं निघालेलं नसायचं, त्यावरच अंगठ्या चढायच्या. एकदा मरतानाच्या पदाला वन्स मोअर मिळाला. बापू उठले, पद पुन्हा म्हणाले, पुन्हा मेले. पुन्हा वन्स मोअर! तेव्हा शत्रूचं काम करणारा वेल्डर कळवळून कुजबुजला, "बापू, माझी सकाळची शिफ्ट हाय. आता पडून ऱ्हावा की!"

पुढे मंडळी पांगली. मुलगा परदेशात गेला, काकू गेल्या. बापू मात्र अजून रोज संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालतात, अत्तर लावतात. कुठे जात नाहीत. त्यांच्या वर माझा फ्लॅट, आणि माझ्या वर थेट गच्ची.

परवाच्या गुरुवारी बायकोने बापूंसाठी गुळाच्या पोळ्या दिल्या. गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते आणि विजेलाही. ते विसरून मी बटण दाबत बसलो. आवाज नाहीच. परत फिरणार, तोच दार धाडकन उघडलं.

"थांब, थांब! जाऊ नकोस."

"बापू, बेल तर वाजलीच नाही."

"पावलं थांबलेली ऐकली ना. जिन्यात पाऊल वाजलं की मी दारामागे येतो. नट पहिल्या घंटेच्या आधीच विंगेत उभा असतो, राव."

"मग लगेच उघडत का नाही?"

ते हसले. "एकदोन बेल काय, चुकूनही वाजतात. तिसरी वाजली म्हणजे माणूस माझ्याकडेच आलाय. उगाच दार उघडायचं आणि पावलं वर निघून जायची. रोजच जातात."

वर फक्त आम्हीच राहतो. मला फार वाईट वाटलं. मी चपला काढल्या, आत जाऊन बसलो आणि म्हणालो, "बापू, ते मरतानाचं पद होऊन जाऊ द्या."

त्यांनी आधी सदऱ्याची वरची गुंडी लावली.