कोरियन बूट आणि दहा मिलिमीटर

मापाच्या बाबतीत माझा हात कुणी धरून दाखवावा! तीस वर्षं सुतारकाम करतोय. मी बसवलेल्या कपाटात आणि भिंतीत पोस्टकार्डसुद्धा सरकत नाही. त्यामुळे बायकोच्या चालण्याच्या संघाने कोरियाहून बूट मागवायचं ठरवलं आणि नंबरांवरून घोळ सुरू झाला, तेव्हा मी आपणहून पुढे सरसावलो.

पाच जणींचा संघ, बायको कप्तान. महिन्याने पाच किलोमीटरची शर्यत. संघात बाई-पुरुष कुणीही चालेल, पण पाचही जणांचे बूट सारखे हवेत, नाहीतर संघ बाद! बायको सहा महिने पहाटे उठून सराव करत होती.

"अहो, हे २३०, २४० म्हणजे बुटाचे नंबर की हॉटेलातल्या खोल्यांचे?" तिने विचारलं.

"मिलिमीटर! पायाची जेवढी लांबी, तेवढाच तिकडे बुटाचा नंबर. किती सरळ हिशोब!"

"आणि तिथल्या जॅकेटला ६६, ७७, ८८?" संघातल्या मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा उतरला. "खरं वजन लिहावं लागतं का हो?"

"नाही हो बाई, नुसता साइजचा आकडा आहे. तुम्ही निर्धास्त राहा!"

मी एकेकीला भिंतीला टाच टेकवून उभं केलं, काटकोनाचा गुण्या लावला आणि कानावरची पेन्सिल काढून मापं लिहिली. सगळ्यात लहान पाय बायकोचा, २३०; सगळ्यात मोठा मुख्याध्यापिकाबाईंचा, २७०; मधल्या तिघी दहा-दहाच्या फरकाने.

शर्यतीच्या दोन दिवस आधी खोकं आलं. बूट जांभळे, हलके, देखणे! बायकोने ते घालून ऐटीत पाऊल टाकलं. ती पुढे गेली, बूट मागेच राहिला! पाचही जणींची तीच गत.

"काय लिहिलं होतंत?"

मी कागद पाहिला. प्रत्येक मापात दहा मिलिमीटर जास्त! फळी कापताना पुढे रंध्याने तासण्यासाठी एवढं जास्त धरायची माझ्या हाताला सवय आहे.

"मग मारा आता बुटांना रंधा!" बायको म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बूट बदलून यायला तीन आठवडे. पण मीही सुतार आहे, गप्प कसा बसेन?

"थांबा! प्रत्येकीने आपल्याहून लहान पायवालीचे बूट घाला!"

२४० च्या पायात बायकोचे बूट गेले, २५० च्या पायात २४० वालीचे, आणि मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत चौघींना अगदी चपखल बसले. चौघी टुणटुण उड्या मारायला लागल्या! उरली अनवाणी बायको आणि २८० चा एक जोड.

सगळ्या माझ्या पायांकडे बघायला लागल्या.

"तुमचा पाय किती?" बायकोने विचारलं.

"दोनशे... ऐंशी."

रविवारी जांभळे बूट घालून, चौघींच्या मागून, मी धापा टाकत निघालो. रस्त्याच्या कडेने बायको शिट्टी फुंकत ओरडत होती, "पोट आत! हात हलवा!" तिच्या भीतीनेच मी असा सुटलो की शेवटच्या वळणावर चौघींच्या पुढे! आमचा संघ पहिला आला! मुख्याध्यापिकाबाईंनी मला कपासकट मिठी मारायचीच बाकी ठेवली होती. बायकोने चारचौघांत माझी पाठ थोपटली. लग्नानंतर प्रथमच!

घरी येऊन मी विजयी वीरासारखा पलंगावर आडवा झालो.

"तुम्ही आता संघात कायमचे," बायको लाडाने म्हणाली. "उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला."

"आणि तू?"

"मी कशी येणार?" तिने पांघरूण ओढून घेतलं. "माझ्याकडे बूट कुठे आहेत?"