भूशास्त्रज्ञाचे पाय

माणूस जगात कोणत्या टोकाने येतो, यावर त्याची सरकारी नोकरी अवलंबून असते. विद्यापीठांना हे अजून कळलेलं नाही, म्हणून ती परीक्षा घेतात.

अमरावतीचा हरिहर डोक्याकडून जन्मला. पुढे नागपूरला जाऊन भूशास्त्रात एम.एस्सी. झाला, म्हणजे चूक वाढवतच गेला. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. देश उभारायचा होता आणि देशाखाली काय आहे ते बघायला सरकारला माणसं हवी होती. हरिहरला एक हातोडा, एक होकायंत्र आणि अर्धी जीप मिळाली (उरलेली अर्धी हिवताप खात्याची). नोकरी मात्र तात्पुरती. अकोल्याचे साहेब म्हणाले, "बोरखडीत गोड पाणी काढा, कायम व्हाल. नाही तर घरी बसा."

बोरखडी पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात. पाणी असं की वरणात मीठ टाकणाऱ्या सुनेला सासू उधळी म्हणे. पिण्याचं पाणी बाया पार लांबच्या गावाहून डोक्यावर आणत. हरिहरने उन्हातान्हात शिवार पालथं घातलं आणि सांगितलं: नाल्याच्या वळणावर वाळूचा थर आहे, त्यात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, तिथे उथळ खणा, खोल जाल तर खारं लागेल.

सरपंच खुशालरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुद्द्याचं विचारलं.

"साहेब, तुमी पायाळू हा का?"

"नाही हो," हरिहर हसला.

"हासता काहून? मंग जमिनीखालचं दिसते कसं तुमाले?"

"अभ्यासानं."

"आमचा बंडू पायाकडून जन्मला. त्याले अभ्यास करा लागत नाई."

बंडू खुशालरावांचा मेहुणा. जन्मल्यापासून त्याला एकही काम धड जमलं नव्हतं. पण जन्मच उलटा घेतल्यामुळे पुढे काही जमण्याची गरज पडली नाही. (वऱ्हाडात दर दहा गावांत अकरा पायाळू भरतात, एक पाहुणा आलेला असतो.) बंडू अनवाणी फिरला, खुशालरावांच्याच वावरात मधोमध थबकला आणि थरथरला. विहीर तिथे खणली. पाणी भरपूर लागलं. म्हशीने तोंड लावलं आणि मान वर करून खुशालरावांकडे बघितलं.

गावाने विचार केला. बंडूचे पाय बरोबरच होते. डोक्याकडून जन्मलेला माणूस काठावर उभा राहिला, म्हणून पाणी नासलं.

साहेबांनी हरिहरला एक शेवटची विहीर दिली. हरिहर बोरखडीच्या पारावर बसला आणि त्याने बूट काढले. "मीही पायाळूच. लोक हसतील म्हणून बोललो नव्हतो."

खुशालराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते हरिहरला घेऊन रेल्वेने बडनेऱ्याला उतरले आणि थेट अमरावतीत त्याच्या आईसमोर, गोदावरीबाईंसमोर, बसले.

"माय, साहेब पायाकडून झाले म्हणतात. खरं हाय?"

"कोण मेला म्हणते? चांगला डोक्या..." खुशालरावांच्या पाठीमागे हरिहरने हात जोडले. गोदावरीबाईंनी वाक्य तिथेच वळवलं. "चांगला डोक्यात राहिला हाय तो दिवस माह्या. पायच आधी. मारूनच टाकलं होतं मले यानं!"

खुशालराव समाधानाने उठले. ते गेल्यावर गोदावरीबाई लेकाला म्हणाल्या, "मंग एम.एस्सी. कायले केलं रे? आधी सांगतास तं उलटाच पैदा केला असता तुले!"

विहीर नाल्याच्या वळणावर, उथळ खणली. गोड पाणी लागलं. बायांनी हरिहरच्या पायांवर हळदीकुंकू वाहिलं. डोक्याला कोणी विचारलं नाही.

हरिहर कायम झाला. विलायतेत शिकून आलेल्या साहेबांनी त्याला बंगल्यावर बोलावलं. बंगल्यामागे विहीर खणायची होती. हरिहरने नकाशा पसरला.

"ते राहू द्या," साहेब हळूच म्हणाले. "बूट काढा."

हसलात? हसा. तुम्ही तर शिकलेली माणसं. मग वर न बघता सांगा: बोरखडीला गोडं पाणी नाल्याच्या वळणावरच का लागलं? कारण सरळ मराठीत लिहिलं आहे. नाही ना आठवत? बंडू कोणत्या टोकाने जन्मला, ते मात्र पाठ आहे.