तीन गाठींचं माप

माप घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही! लोकरीच्या गुंड्यांत वाढलेला माणूस आहे मी. रांगत होतो तेव्हापासून आईसमोर दोन्ही हात पुढे करून बसतोय. माझ्या हातांवर लोकरीची लड चढवायची आणि समोर बसून तिचा गुंडा करायचा, अशी आमच्याकडची पद्धत. घरातला स्टँड म्हणजे मी!

आईच्या हातात सुया आल्या तेव्हा ती सात वर्षांची होती. आज पासष्टची आहे. मधल्या अठ्ठावन्न वर्षांत तिने सुया खाली ठेवल्या त्या फक्त झोपताना. दाढ काढून घेतानासुद्धा ती विणत होती. दंतवैद्य मागे सरून म्हणाला, "टाका संपू दे तुमचा, मग ओढतो." आमच्याकडे चहाच्या किटलीला टोपी आहे, रेडिओला जाकीट आहे आणि स्टुलाच्या चारही पायांत मोजे आहेत. पण तिचा खरा मान स्वेटरात. तिचा एकही स्वेटर आजवर कोणाला सैल झाला नाही की घट्ट झाला नाही. उसवून पुन्हा विणायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. मला तर तिचा भयंकर अभिमान वाटतो.

आता आमचे साहेब. मी ऑफिसात दोन मिनिटं उशिरा पोहोचलो की ते ओरडायचे नाहीत. फक्त मनगट माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "वाचा." मग मी त्यांच्याच घड्याळात वाचून माझा उशीर मोठ्याने जाहीर करायचा! अकरा वर्षं! असे हे साहेब त्या महिन्याअखेर निवृत्त होणार म्हटल्यावर मला आनंदाने जेवण जाईना.

आणि आई म्हणाली, "त्यांना मी स्वेटर विणणार."

"त्यांना? कशासाठी?"

"माझ्या मोतीबिंदूच्या वेळी त्यांनी तुला न मागता आठवडाभर रजा दिली. ज्या डोळ्यांनी मी टाके मोजते ते डोळे आहेत हे! गुपचूप माप घेऊन ये. टेप नको, हा धागा ने. पहिली गाठ छातीला, दुसरी बाहीला, तिसरी उंचीला."

"सोपं आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला गेले आणि मी त्यांच्या केबिनमध्ये शिरलो. खुर्चीच्या पाठीवर काळा कोट होता. मी धागा काढला, कोटाला दोन्ही हातांनी कवेत घेतलं, छातीची गाठ मारली. बाहीची मारली. उंचीची मारून धागा खिशात टाकतोय, तोच दार उघडलं! मी घाबरून पुन्हा कोटालाच मिठी मारली.

साहेब दारात उभे. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"इतकं मनाला लावून घेऊ नका," ते हळूच म्हणाले. "माणसाला कधीतरी निवृत्त व्हावंच लागतं."

संध्याकाळपर्यंत ऑफिसभर झालं, मी साहेबांच्या कोटाला कवटाळून रडलो म्हणून! निरोपाचं भाषण माझ्याच गळ्यात पडलं.

आईने घरी धागा ताणून पाहिला. "छाती एवढी? नक्की?"

"आई, साहेब आहेत ते!"

"कोटावरून घेतलंस ना? मग चार बोटं कमी धरते."

नऊ दिवस सुया चालल्या. राखाडी लोकर, गळ्याला दुहेरी पट्टी, पाठीवर उतरत जाणाऱ्या वेण्या. बातम्या ऐकता ऐकता, एकदाही खाली न बघता! शेवटचा टाका बंद करून तिने स्वेटर उलटा केला, तर आतूनही गाठ दिसेना. माझ्या अंगावर काटा आला, इतका तो सुंदर झाला होता.

निरोपाच्या दिवशी मी आईला घेऊन गेलो. भाषण केलं, स्वेटर दिला, टाळ्या पडल्या. साहेबांनी हौसेने तो तिथल्या तिथे अंगात घातला. आणि साहेब दिसेनासे झाले! बाह्यांतून बोटं बाहेर येईनात. खालची कड गुडघ्यांवर. अकरा वर्षं मी या माणसाला टेबलामागे बसलेलंच पाहिलं होतं, तेही मी मान खाली घालून; त्या दिवशी दारात उभे होते तेव्हा भीतीने मोठेच दिसले होते. उभे राहिल्यावर साहेब एवढेसेच आहेत, हे मला त्या क्षणी कळलं.

पाहुणे हसायला लागले. मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. अठ्ठावन्न वर्षांचा मान माझ्या तीन गाठींनी घालवला! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आई उठली. स्टेजवर जाऊन तिने स्वेटर खांद्यापासून कडेपर्यंत चाचपला. मग वळून सगळ्या हॉलवर नजर फिरवली, अगदी सावकाश, टाके मोजावेत तशी.

"स्वेटर चुकलेला नाही," ती म्हणाली. "माणूस चुकलाय. माप कोटावरून घेतलं होतं. अहो, दारातले! तुम्ही या बघू इकडे."

दारात आमचा वॉचमन उभा होता. आम्ही त्याला पहाड म्हणतो. तो लाजत पुढे आला. आईने साहेबांच्या अंगातला स्वेटर काढून त्याला चढवला. बाही मनगटावर! खांदा खांद्यावर! कड कमरेवर! एक टाका इकडे नाही की तिकडे नाही. हॉलमधलं हसणं बंद झालं आणि मग ज्या टाळ्या पडल्या, तशा माझ्या भाषणालाही पडल्या नव्हत्या.

"तो कोट याचाच होता," साहेब खजील होऊन म्हणाले. "एसी थेट माझ्या डोक्यावर. गुडघे गारठतात म्हणून याच्याकडून मागून आणायचो, पायांवर घ्यायला." मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे तुम्ही त्या दिवशी..."

मी स्टेजवरचे फुगे मोजू लागलो.

"ताई," साहेब आईला म्हणाले, "हे असं नुसत्या नजरेने कळतं? मला शिकवाल?"

आईचा चेहरा एकदम उजळला. इतकी वर्षं तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. आणि मी? मी तर नुसता हात पुढे करून बसलो होतो.

झालं! त्या सोमवारपासून साहेब रोज दुपारी आमच्याकडे येतात. सुलट टाका जमला, उलट अजून निसटतो. आई खूश आहे, त्यामुळे मीही खूश आहे. असं म्हणायची पद्धत असते.

काल ऑफिसातून घरी यायला मला जरा उशीर झाला. दार ढकललं तर साहेब माझ्याच जागेवर बसलेले, दोन्ही हात पुढे, हातांवर निळ्या लोकरीची लड. मनगटं अडकलेली पाहून मी सुटकेचा निःश्वास सोडला.

साहेबांनी हनुवटीने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं.

"वाचा," ते म्हणाले.