टॉर्च इकडे धरा

शेवटच्या संध्याकाळी सुलभाने मला तीनदा नळाला हात लावायला पाठवलं.

सुलभा माझी बायको. ती शेवटची संध्याकाळ होती हे नंतर कळलं, तेव्हा ती नेहमीचीच होती. जाळीच्या कपाटाचं दार उघडं, खाली जुनी चादर, चादरीवर मशीनचे भाग ओळीने मांडलेले, आणि मी टॉर्च धरून उभा. मी कंटाळून कान खाजवला की ती मान वर न करता म्हणायची, "कानाला हात लावलात. जा, नळाला लावून या."

मशीन म्हणजे कॉम्प्युटर. तो तिने घरी जोडला होता, साठी उलटल्यावर, एकेक भाग आणून.

सुलभा अंधेरीला एका कंपनीत तीस वर्षं हिरव्या बोर्डांवर बारीक भाग डाग देऊन बसवायची. तिथे बायकांच्या मनगटाला वायरचा पट्टा असायचा. माणसाच्या अंगात वीज असते, त्या विजेने भाग मरतात, म्हणून ती आधी जमिनीत सोडायची. घरी पट्टा नव्हता, म्हणून मोरीतला नळ. आमचा मुलगा महेश शिकलेला आहे. तो म्हणायचा, "आई, या बिल्डिंगचे पाइप प्लास्टिकचे आहेत. कसली वीज उतरतेय?"

"नसेल उतरत तर नसू दे. हात लावून येईपर्यंत माणूस जरा थांबतो ना?"

पुढे पुढे भांडणालाही तोच नियम झाला. "आधी नळाला हात लावून या, मग बोला." महेशने मुलुंडला वेगळं राहायचं ठरवलं तेव्हा माझं आणि त्याचं जोरात वाजलं. तिने दोघांनाही मोरीत पाठवलं. मोरी एवढीशी, नळ एक. "तू लाव." "नाही, तुम्ही लावा." बाहेर आलो तेव्हा काय बोलायचं होतं ते दोघेही विसरलो होतो. महेश मुलुंडला गेलाच. पण जाताना माझ्या पाया पडून गेला.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. गिरणीत कताई खात्यात होतो, गिरणी बंद झाली तेव्हा मरोळला वॉचमनकी केली. मला त्या मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने त्याला पेटीसुद्धा आणली नाही. माझ्या आईचं दूध-दही ठेवायचं जाळीचं कपाट होतं, त्याच्या खालच्या खणात बसवलं. "जाळी आहे, वारा लागतो, मांजर शिरत नाही. अजून काय हवं?" वरच्या खणात लोणचं, खाली कॉम्प्युटर. स्क्रू ठेवायला हळदीकुंकवाचा करंडा. धूळ झाडायला माझा दाढीचा ब्रश. हे मला कळलं तेव्हा मी दोन महिने त्याच ब्रशने दाढी करत होतो.

"वाट लावलीस माझ्या तोंडाची," मी म्हणालो.

"ती आधीच लागलेली होती हो."

एवढं जोडून ती त्यावर करायची काय, असं लोक विचारायचे. काही नाही. संध्याकाळी चालू करायची, पडद्यावर आमच्या गावच्या अंगणातला फणस यायचा, तो बघायची, पंख्याचा आवाज ऐकायची आणि बंद करायची. "चालतंय," म्हणायची. भात झाल्यावर शीत दाबून बघावं तसं.

तिचं दुसरं वाक्य होतं, "एका वेळी एकच." मशीन बिघडलं की सगळं काढायचं आणि एकेक लावत जायचं. जे लावल्यावर बंद पडेल, तो चोर. हे ती सगळीकडेच करायची. एकदा साखर वाढली म्हणून दवाखान्यात ठेवली होती. डॉक्टरने पाच गोळ्या दिल्या, तर त्यालाच म्हणाली, "एका वेळी एकच द्या. पाची दिल्यात तर कशाने बरं वाटलं ते तुम्हाला तरी कळेल का?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघत होतो.

आता माझी चूक सांगतो.

गिरणीत दसऱ्याला आम्ही यंत्रांची पूजा करायचो. साचे धुऊनपुसून, झेंडूचे हार घालून, नारळ फोडून. गिरणी गेली तशी माझी ती पूजाही गेली. गेल्या दसऱ्याला सुलभा झेंडू आणायला खाली गेली होती. मला काय वाटलं कोण जाणे. घरात यंत्र म्हणावं असं तेच एक होतं. मी कपाट उघडलं, मशीनला कुंकू लावलं, पूजेचा नाडा बांधला, हात जोडले आणि चिमूटभर अक्षता टाकल्या. तिच्या पावलांचा आवाज आला तसा लाजलो. कुंकू पुसलं, नाडा सोडला, दार लावलं. बायकोच्या मशीनची पूजा केली हे सांगायचं कसं?

त्याच संध्याकाळी मशीन चालू होताना मेलं. दिवा लागला, पडदा उजळला, काळ्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ आली आणि सगळं विझलं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच.

मला लगेच कळलं, माझ्या अक्षतांनी केलं. पण बोललो नाही. तिने सांगितलं, "टॉर्च धरा," तर मुकाट्याने धरला.

तोपर्यंत माझी संध्याकाळ खाली गेटवर जायची. वॉचमनकी सुटली तरी गेटवर खुर्ची टाकायची सवय सुटली नव्हती. पाचला उतरायचो, जेवायलाच वर यायचो. चाळीस वर्षांचा संसार, पण संध्याकाळचा मी घरात नाहीच. त्या दिवसापासून मात्र रोज टॉर्च धरून उभा राहायला लागलो. चूक माझी होती ना.

अडीच महिने आम्ही ते मशीन दुरुस्त करत होतो. रोज सगळं काढायची, रोज एकेक लावायची. चालू केलं की पांढरी ओळ, आणि ठप्प. मी विचारायचो, "काय लिहिलंय गं ते?"

"रुसलंय म्हणतंय."

एकच गोष्ट तिला खपायची नाही. टॉर्च चुकून मधल्या पंख्याकडे गेला की खेकसायची, "तिकडे नको. टॉर्च इकडे धरा." मला वाटायचं, हिला माझा राग आलाय.

पण हात चालवता चालवता विचारायची. "तुमच्या गिरणीत धागा तुटला की काय करायचात?" मी सांगायचो. "पहिल्या दिवशी घाबरला होतात?" मी तेही सांगायचो. धागा जोडताना बोट कापलं होतं ते, गिरणी बंद झाल्यावर महिनाभर डबा घेऊन घरातून निघायचो आणि बागेत बसून खायचो ते. घरात कधी सांगितलं नव्हतं. ती ऐकून घ्यायची, स्क्रू फिरवायची. डबा भरून देणारी तीच होती. एवढंच म्हणाली, "म्हणून तेव्हा डब्याला बागेतल्या मुंग्या लागलेल्या असायच्या."

त्या शेवटच्या संध्याकाळी मधला पंखा सोडून सगळे भाग चादरीवर काढले आणि म्हणाली, "पाठ दुखतेय. उद्या लावू एकेक." चादर तशीच ठेवून झोपली. सकाळी मी चहा टाकला, हाक मारली, पुन्हा मारली. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली, त्रास झाला नाही. तिला झाला नाही.

तेराव्यापर्यंत महेश होता. चादरीला पाय लागू नये म्हणून सगळे भिंतीकडून चालत होते. जाताना तो म्हणाला, "बाबा, ते मशीन भंगारात देऊया. तुम्हाला काय उपयोग?"

"असू दे," मी म्हणालो.

मग त्याचा रोज रात्री फोन. आधी फोन तिच्यासाठी असायचा. मी उचलला तर, "आईला द्या." आता देणार कोणाला?

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"बरं, ठेवतो."

तोही रडत असेल, मीही रडतो, पण फोनवर दोघेही जेवलेले असतो.

परवा संध्याकाळी चादरीपुढे बसलो. म्हटलं, माझ्या अक्षतांनी हिचं काम अडलं, ते पुरं करू. भागांची नावं येत नाहीत, पण अडीच महिने टॉर्च धरलाय, कुठला कुठे बसतो ते पाठ झालंय. नळाला हात लावला. एकेक भाग बसवला. चालू केलं. पांढरी ओळ आली आणि विझलं.

तेव्हा मी टॉर्च तिकडे नेला, जिकडे ती नेऊ देत नव्हती.

पंखा स्वच्छ होता. तांदळाचा एक दाणा नाही. पण पंख्याची वायर काढलेली होती. तुटली नव्हती, निसटली नव्हती. नीट गुंडाळून, कंपनीत तारा बांधायच्या तशी घट्ट गाठ मारून ठेवलेली. गाठ लालपिवळ्या नाड्याची. मी सोडलेल्याच नाड्याची.

मी करंडा चादरीवर ओतला. स्क्रूंच्या तळाशी प्लास्टिकची छोटी पुडी. आत कुंकू लागलेल्या पाच अक्षता.

म्हणजे हिला पहिल्याच दिवशी सापडलं होतं. दाणे काढले, पुडी करून करंड्यात ठेवले, आणि पंखा बंद करून मला टॉर्च धरायला लावला. पांढरी ओळ काय सांगत होती ते आता वाचता न येताही कळलं: पंखा फिरत नाहीये. अडीच महिने मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती माझ्यापासून.

वायर लावली. पंखा फिरला. फणस आला. मी खूप वेळ फणस बघत बसलो. मग "चालतंय" म्हणालो आणि बंद केलं. फोन सोडला तर घरात मोठ्याने बोललो तो आठवड्यातला पहिला शब्द.

काल सकाळी उठलो. पंख्याची वायर काढली, गुंडाळली, नाड्याने बांधली. तिच्यासारखी गाठ मला येत नाही, साधीच मारली. खाली जाऊन टॉर्चला नवे सेल आणले. मोरीत जाऊन नळाला हात लावला आणि महेशला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला.

"बाबा? काय झालं?" तो घाबरलाच.

"काही नाही. आईचं मशीन चालू होताना मरतंय. एकट्याने होत नाही. टॉर्च धरायला माणूस लागतो."

तो म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नाही हो."

"मला कुठे कळायचं?"

"संध्याकाळी येतो. तोपर्यंत तुम्ही हात लावू नका कशाला."

"आलास की आधी नळाला हात लाव."

"माहितीये," तो म्हणाला. आणि फोन लगेच ठेवला नाही.