साळवीभाऊंचं मुंबईविषयी मत

अंधेरीत गाड्या लावायला जागा नाही, याचं दुःख अंधेरीकरांपेक्षा आमच्या साळवीभाऊंना जास्त आहे. भाऊ राहतात रत्नागिरीत, माझ्या घराला लागून. त्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही.

मुंबईचं एक गप्पांचं रेडिओ स्टेशन आहे. गाणी कमी, चर्चा फार, मधेमधे टाइल्सच्या जाहिराती. भाऊ ते मोबाईलवर दिवसभर ऐकतात आणि आवडीचा विषय निघाला की दुसऱ्या, जुन्या फोनवरून तिथे फोन लावतात. एकदा निवेदकाने विचारलं की काका, तुम्ही रत्नागिरीचे, तुम्हाला अंधेरीच्या पार्किंगचा काय त्रास? भाऊ म्हणाले, "त्रास नाय, मत आहे."

भाऊंची नोकरी एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत, माइकसमोर झाली. त्यामुळे विषय खड्ड्यांचा असो की भटक्या कुत्र्यांचा, राजापूर गाडी लागल्याची सूचना द्यावी तसं ते मत देतात. भरभर, सलग, आणि शेवटी "सर्वांनी नोंद घ्यावी."

फोनवर बोलताना जवळ रेडिओ चालू असला की आवाज घुमतो. म्हणून रेडिओचा मोबाईल स्वयंपाकघरात वहिनींजवळ ठेवून भाऊ मागच्या अंगणात जायचे. स्वतःचं बोलणं त्यांना कधीच ऐकायला मिळायचं नाही. ते वहिनी ऐकायच्या, बांगडे साफ करता करता. भाऊ आत येऊन विचारायचे, "काय गो, कसं झालं?" वहिनींनी कधी कौतुक केलं नाही. "जरा दम खाऊन बोला. गाडी सुटत नाय," एवढंच म्हणायच्या. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं होतं.

यंदा आंब्याच्या दिवसांत वहिनी गेल्या. भाऊंचा रेडिओ चालू राहिला, पण फोन बंद झाला. मुंबईत पाणीकपात झाली, भाऊ गप्प. रिक्षाचं भाडं वाढलं, तरी गप्प. मुंबईविषयी भाऊंना काहीच मत नाही, याची मला काळजी वाटायला लागली.

परवा दुपारी ते दारात येऊन उभे राहिले. काम नसेल तर आमच्या स्वयंपाकघरात येऊन बस जरा, म्हणाले. विषय पार्किंगचा होता.

मी जाऊन बसलो. भाऊ अंगणात गेले. थोड्या वेळाने रेडिओवर त्यांचा आवाज आला. सुरुवातीला कापरा होता, मग नेहमीसारखा सुसाट सुटला तो थेट नोंद घ्यावीपर्यंत.

आत येऊन त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"मस्त झालं, भाऊ."

त्यांचा चेहरा पडला. ते रेडिओ बंद करायला वाकले, तसं मला फार वाईट वाटलं.

"पण भाऊ," मी म्हटलं, "जरा दम खाऊन बोला. गाडी सुटत नाय."

भाऊ ओट्याला टेकले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"हां," ते म्हणाले, "आता बरोबर सांगितलंस."

मग मोबाईल होता तिथेच राहू दिला, आणि उद्याचा विषय कोणता ते ऐकायला माझ्या शेजारी बसले.